एका फेरीचा दाखला

देवीच्या डोंगरावर रोपवे उभा राहिला. त्याचा दोर नव्या, हलक्या धाग्याचा होता. दोर तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनीतीबाई रेगे त्याच्या तुकड्याला रोज ताण देत, सोडत, पुन्हा ताण देत. उद्घाटनाला उतावीळ झालेले पालकमंत्री दौलतराव तिथे येऊन थडकले.

"बाई, काल माझ्यादेखत दुप्पट वजन टांगलंत, दोर तुटला नाही. आता कसली वाट बघता? सुरक्षिततेचा दाखला द्या, नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "देते की, साहेब. दोर एकदा टिकलाय, तेव्हा दाखला एका फेरीचा. त्या फेरीत आपण वर जाल. उतरायला हजार पायऱ्या आहेतच."

दौलतरावांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे.

"चालू द्या तुमची तपासणी," ते हसून म्हणाले, "देवी काही कुठे जात नाही."