दचकुली आणि बाळयेशूची गादी

दचकुली उंदरीला जाग आली. गादीत काहीतरी टोचलं. टुच!

अगंबाई! काय ते?

चांदीच्या कागदाचा तारा. इवलासा. चमचम चमचम.

"गादी माझी. मग तारा कुणाचा?"

तेवढ्यात बाहेर कुणीतरी रडलं. ऊं ऊं ऊं!

दचकुली दचकली. ती कशालाही दचकते. पान पडलं, दचकली. शिंक आली, दचकली. स्वतःचीच शिंक!

तिने बिळातून हळूच नाक काढलं.

बाहेर घरातली छोटी ओल्गा रडत होती. ओल्गासमोर नाताळचा गोठा. मातीची मारिया, बाळयेशूची आई. मातीचा योसेफ. मधे गव्हाण. आणि गव्हाण रिकामी!

"आई, बाळयेशूची गादी गेली ग! वरचा ताराही गेला! मी रोज एक चांगलं काम केलं. रोज गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवली. आज बाळ येणार. निजणार कशावर?"

दचकुलीने वळून बिळातल्या गादीकडे पाहिलं.

ती मऊ मऊ गादी! तिला वाटलं, नुसता पेंढा. उचलला, नेला, कुरतडला. कुरुकुरु कुरुकुरु. आता झाला भुगा. भुगा कसा परत द्यायचा?

"मला ठाऊकच नव्हतं," दचकुली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण नेली तर मीच."

तारा कानामागे खोचला. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

परसातल्या खऱ्या गोठ्यात भेटली गाय.

"गाई गाई, पेंढा दे!
नकळत झालं, पण मीच केलं.
बाळयेशूला गादी नाही!"

"हम्मा! देईन ग. पण घसा सुकलाय माझा. आधी पाटाला पाणी द्यायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. वाडीत भेटला पाट.

"पाटा पाटा, पाणी दे!
गाय पेंढा देईना.
नकळत झालं, पण मीच केलं.
बाळयेशूला गादी नाही!"

"खुळुक! देईन ग. पण वाटेत ही झावळी पडलीय. आधी बैलाला ओढायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. माडाखाली भेटला बैल.

"बैला बैला, झावळी ओढ!
पाट पाणी देईना.
गाय पेंढा देईना.
नकळत झालं, पण मीच केलं.
बाळयेशूला गादी नाही!"

"फूं! ओढीन ग. पण कानात गोचीड बसलीय. चावते मेली! आधी बगळ्याला टिपायला सांग."

तुरुतुरु... तुरु... तु...

बांधावर उभा होता बगळा. चोच केवढी! लांबच लांब! ओल्गा निजताना म्हणते, तसं दचकुली म्हणाली, "येशूबाळा, माझ्यासोबत राहा."

आणि गेली पुढे.

"बगळ्या बगळ्या, गोचीड टिप!
बैल झावळी ओढीना.
पाट पाणी देईना.
गाय पेंढा देईना.
नकळत झालं, पण मीच केलं.
बाळयेशूला गादी नाही!"

"क्वाक! टिपीन ग. पण पायात दोरा गुंतलाय. आधी दात असलेलं कुणीतरी आण."

दात?

"दात मला आहेत," दचकुली रडवेली झाली. "पण वाईट आहेत. त्यांनीच गादीचा भुगा केला."

"वेडाबाई!" बगळा म्हणाला. "तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे ना? मग कुरतड! मी चोच मिटून उभा राहतो."

कुरुकुरु कुरुकुरु... तट्! दोरा तुटला.

बगळ्याने गोचीड टिपली. टक!
बैलाने झावळी ओढली. सर्रर्र!
पाटाने पाणी दिलं. खळखळ खळखळ!
गाय पाणी प्याली. घटघट घटघट!

"आहाहा!" गाय म्हणाली. "दोरा तुटला, ही एक काडी. गोचीड गेली, ही एक काडी. झावळी हलली, ही एक काडी. पाणी आलं, ही एक काडी. सगळी चांगली कामं! आणि हा घे, माझ्याकडून तोंडभर पेंढा."

तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर भारा. डुगडुग डुगडुग.

दचकुलीने गव्हाणीत गादी घातली. मऊ मऊ. वर तारा ठेवला. चमचम चमचम.

ओल्गा भिंतीकडे तोंड करून बसली होती. कुणी पाहिलं नव्हतं. पळावं का बिळात?

पण ओल्गा अजून मुसमुसत होती.

"ओल्गा!" आवाज इवलासा. कुणी ओ दिली नाही.

"ओल्गा!" तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. टण! टण! टण!

दचकुली दचकली. पण पळाली नाही.

ती गव्हाणीवर चढली. मोठ्ठा श्वास घेतला.

"ओल्गा! नकळत झालं, पण मीच केलं! मला माफ करशील?"

ओल्गा वळली. तिने गादी पाहिली. तारा पाहिला. थरथरणाऱ्या मिशा पाहिल्या. डोळे पुसले.

"ओ!" ओल्गा म्हणाली. "ओ, ओ, ओ! अगं, ये ना! बाळाच्या पायाशी तुलाही जागा आहे."