राजाचे महागडे पाय

कप्तानाने वाळूत निशाण रोवले, बूट आपटले आणि जाहीर केले, "इथे माझं पाऊल पडलं! आता हा किनारा माझ्या राजाचा. उद्यापासून मासे धरायचे तर आमच्या परवानगीने!"

याआधी चार जहाजांनी हे वायतेरे गाव शोधून काढले होते. ते हरवले कधी होते, हे मात्र गावकऱ्यांना ठाऊक नव्हते! एका पाहुण्याने पाणी नेले, दुसऱ्याने डुकरे, तिसरा गावभर खोकला वाटून गेला. चौथा, बजावूनही, नारळाच्या झाडाखालीच झोपला. त्याचे काय झाले ते विचारूच नका. हा पाचवा तर मुळावरच उठला.

राजा आरीनुई भडकला. राजा कसला, मांसाचा डोंगर! त्याचा पाय ज्या जमिनीला लागेल ती त्याची, असा बेटाचा दंडक. म्हणून लोक आपली जमीन वाचवायला त्याला खांद्यावरून फिरवत. हे ओझे वाहणाऱ्या तेवावरच तो ओरडला, "सूर्य बुडायच्या आत किनारा परत आण! भाला उचलायचा नाही, त्यांच्याकडे तोफा आहेत. जमलं नाही, तर तुलाच त्या जहाजावर हमाल म्हणून देऊन टाकतो!"

"मग बसा खांद्यावर, महाराज. आणि तिथे अवाक्षर काढू नका. जमेल?"

होडीतून दोघे जहाजाशी पोचले. राजाला दोराच्या शिडीवरून चढवताना तेवाच्या नाकी नऊ आले.

कप्तान फिदीफिदी हसला. "तुमच्या राजाला पाय नाहीत का रे?"

"आहेत साहेब, पण महाग पडतात!"

"उतरव त्या धेंडाला! चालता येतं का बघू दे."

"आपणच सांगताय. मग बोल लावू नका!"

"उतरव म्हणतो ना!"

तेवाने उतरवले. राजा डुलत डुलत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. खलाशांनी टाळ्या पिटल्या.

"झालं!" तेवा म्हणाला. "इथे आमच्या राजाचं पाऊल पडलं. जहाज त्याचं! उद्यापासून शीड उभारायचं तर आमच्या परवानगीने!"

"मूर्खा, एवढ्याने जहाज कुणाचं होतं का?"

"एवढ्याने किनारा होतो ना! आणि आमचा राजा स्वतःच्या पायांनी चालला, साहेब. तुमचा कुठाय? त्याने तर नुसते बूट पाठवलेत!"

खलाशी पोट धरून हसू लागले. कप्तान आधी लालबुंद झाला, मग त्यालाही हसू आवरेना. "जा रे, निशाण उपटून आणा!" त्याने हुकूम सोडला.

परतताना राजा खुशीत म्हणाला, "माग तेवा, काय हवं ते माग!"

"महाराज, थोडं कमी जेवत चला!"

राजा इतका हसला की होडी उलटायची वेळ आली. खाडीकाठची नीरफणसाची अख्खी बाग त्याने तेवाला देऊन टाकली. जेवण मात्र घासभरही कमी केले नाही!