बीळ कोरडे, ज्वारी ओली

माळावरच्या एका जांभळीखाली एक उंदरीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. भारी उरकाची बाई! पावसाळ्याच्या बेगमीसाठी तिने बांधाबांधावरून ज्वारी वेचून आणली आणि खडकावर वाळत घातली. एके दुपारी वळवाची सर आली नि सगळी ज्वारी भिजवून गेली. आभाळ पुन्हा भरून यायच्या आत उंदरिणीने दाणे शेपटीने झटकले, कोठीच्या बिळात ठासून भरले आणि बिळाचे तोंड चिखलाने लिंपून टाकले. वरून बाभळीचा डिंक चोपडला. "आता येऊ दे पावसाला! एक थेंब आत शिरला तर माझं नाव बदला," ती ऐटीत म्हणाली.

शेजारची मुंगी आपले भिजलेले दाणे पुन्हा उन्हात मांडत होती. ती म्हणाली, "उंदरीणबाई, दाणा दाताखाली धरून पाहिलात का? कट्‌कन मोडला तरच भरावा. मऊ लागला तर अजून दोन उन्हं हवीत."

"अहो मुंगीताई, एवढा वेळ आहे कुणाला? बसा तुम्ही दाणे मांडत!" उंदरीण हसून म्हणाली.

आषाढ लागला आणि झड सुरू झाली. पाच दिवस बाहेर पडायची सोय नव्हती. पिल्ले भुकेने चीं चीं करू लागली. "रडू नका रे, आपली कोठी काठोकाठ भरली आहे," असे म्हणत उंदरिणीने लिंपण फोडले, आणि दचकून मागे सरकली! आतून गरम, आंबूस वाफ आली. तिने पंजा घातला तर हाताला चिकट गोळा लागला. त्यावर हिरवीकाळी बुरशी, मधूनमधून पांढरे कोंब! खाली तरी चांगली असेल म्हणून ती तळापर्यंत उकरत गेली. तळाशीही तेच. एका पिल्लाने दाणा तोंडात घातला आणि थू करून टाकला. उंदरीण किंचाळली.

तिची किंकाळी ऐकून मुंगी धावत आली. "घात झाला हो!" उंदरीण म्हणाली. "लिंपणाला एक भेग नाही, मग पाणी आलं कुठून?"

"कुठून येणार? तुम्हीच भरलंत की. वर दारही लावून घेतलंत, त्याला बाहेर पडायला जागा ठेवली नाहीत," मुंगी म्हणाली.

मग मुंगीने आपल्या घरातले चार दाणे आणून पुढे ठेवले. उंदरिणीने एक दाताखाली धरला. कट्! त्या आवाजाने तिला रडूच कोसळले. एवढे धारदार दात तोंडात होते, पण एक दाणा चावून पाहायचे तिला सुचले नव्हते. चार दाणे तीन पिल्लांना कितीसे पुरणार? ते वाटून ती भर पावसात अन्न शोधायला निघाली.

तात्पर्य : बाहेरची ओल अडवण्याआधी आतली ओल घालवावी, ओले झाकून ठेवले की ते टिकत नाही, कुजते.