एकाच बाहुल्याची दोन पागोटी

फार फार पूर्वीची, आपलं राज्य कुठे संपतं हे राजालाही नीट ठाऊक नव्हतं त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, पूर अडवायला प्रत्येकाचा आपापला बांध होता. अलीकडच्या गावातले पुरुष लाल पागोटं बांधत, पलीकडचे पांढरं. एवढाच काय तो फरक. बाजार एक, जत्रा एक, आणि लेकी या काठावरून त्या काठावर दिलेल्या.

अलीकडच्या गावात रंभाजी नावाचा एक गोडबोल्या माणूस होता. त्याला गावाचा मुख्य व्हायचं होतं. पण गाव सुखात होतं. सुखातल्या गावाला नवा मुख्य कशाला हवा? मग रंभाजीने आपल्यासारखी काही माणसं जमवली आणि 'बांधरक्षक मंडळी' उभी केली.

त्या गावात लिंबाजी दवंडी पिटायचा. हरवलेली गाय असो की येणारा पूर, लिंबाजी सांगेल ते खरंच निघे. रंभाजीने त्याला नवी कोरी, लांबवर घुमणारी हलगी दिली आणि म्हणाला, "रोजच्या दवंडीच्या शेवटी एवढंच म्हणायचं. पलीकडचे आपला बांध फोडणार आहेत, सावध राहा!"

"पण हे खरं आहे का?" लिंबाजीने विचारलं.

"खोटं निघालं तर चांगलंच की! सावध राहण्यात कुणाचं काय जातं?"

लिंबाजीला ते पटलं. हलगीही त्याला फार आवडली होती.

मग चौकात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आला. त्यात पांढऱ्या पागोट्याचा एक बाहुला कुदळीने बांध फोडी आणि लाल पागोट्याचा शूर बाहुला त्याला बडवी. पोरं टाळ्या पिटत. कुणीतरी त्यावर गाणंही रचलं, ते पाणवठ्यावर पोचलं. आधी लोक हसले. पण तेच रोज कानी पडू लागल्यावर हळूहळू त्यांना भीती वाटू लागली. नाव काठाला बांधून ठेवली गेली. बाजार ओस पडला. जो तो म्हणू लागला, "बांध वाचवायचा तर रंभाजीच मुख्य हवा."

भिवरा कुंभारणीची लेक पलीकडे द्यायची ठरली होती. दीर म्हणाला, "वहिनी, हे लग्न मोडा."

भिवरा तडक लिंबाजीकडे गेली. "लिंबाजीदादा, बांध फोडायला आलेलं तुम्ही कुणाला पाहिलंत?"

लिंबाजी घुटमळला. "मी नाही पाहिलं, वहिनी. मी फक्त सांगतो."

"मग मी बघून येते," भिवरा म्हणाली. नावाड्याची तिने इतकी मनधरणी केली की शेवटी त्याने नाव सोडली.

पलीकडे होणाऱ्या विहीणबाई, पारूबाई, दारातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. त्या म्हणाल्या, "रागावू नका, पण एक विचारू का? तुमचे लोक आमचा बांध फोडणार म्हणे?"

भिवराने कपाळाला हात लावला. मग हसता हसता ओट्यावरच बसली. तिने आपल्या गावची हकीकत सांगितली, तशा पारूबाईही हसू लागल्या. तेवढ्यात चौकातून टाळ्या ऐकू आल्या. दोघी तिकडे गेल्या, तर तोच खेळवाला आणि तोच बाहुला! फक्त आता बांध फोडणाऱ्याच्या डोक्यावर लाल पागोटं होतं. या गावात मुख्य व्हायची घाई रंभाजीच्या मेहुण्याला झाली होती.

दोघींनी खेळवाल्याला गाठलं. तो काही लाजला नाही. "बाई, सांगतात ते मी नाचवतो."

"मग आता आम्ही सांगतो," भिवरा म्हणाली.

दोन्ही गावांत मुख्य निवडायच्या दिवशी दोघींनी आपापलं गाव गोळा करून नदीच्या वाळवंटात आणलं. खेळवाल्याने आधी एक खेळ केला. मग सगळ्यांदेखत बाहुल्यांची पागोटी बदलली आणि तोच खेळ पुन्हा केला.

लोक एकमेकांच्या पागोट्यांकडे बघू लागले.

"हा त्यांचा कावा आहे!" रंभाजी ओरडला. त्याच क्षणी समोरून मेहुणाही ओरडला, "हा त्यांचा कावा आहे!"

एक म्हातारी खुदकन हसली. मग लाल पागोटी हसली, पांढरी हसली, हसण्याने सारं वाळवंट भरून गेलं. रंभाजीसाठी एकही हात वर झाला नाही, मेहुण्यासाठीही नाही.

लिंबाजीने भर सभेत माफी मागितली. लोकांनी त्याला काढलं नाही. पण त्या दिवसापासून दवंडी द्यायच्या आधी तो सांगू लागला, हा निरोप कुणाचा, आणि निरोप देणाऱ्याने हे डोळ्यांनी पाहिलं की नुसतं ऐकलं. भिवराच्या लेकीचं लग्न थाटात झालं. वऱ्हाड इतकं होतं की नावेला दिवसभर फेऱ्या माराव्या लागल्या, आणि दोन्ही गावं एका पंगतीला पोटभर जेवली.

तात्पर्य : तीच गोष्ट शंभरदा ऐकली म्हणून ती खरी होत नाही, भीती दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी आपण स्वतः जाऊन बघावं.