डावीकडचं बटण

“पण सर, चाचणी कुठली कमी पडली, तेवढं तरी सांगाल?”

ओजस टिपणीस तिसऱ्यांदा हेच विचारत होता.

केळुसकर सर खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. 

मी विरजण मागायला म्हणून गेले होते. वाटी हातात होती, विरजण मिळालंही होतं. पण पोराचा चेहरा असा झालेला, की पाय निघेना. बसले मग दिवाणाच्या कडेला.

सर आमचे शेजारी. मिरजेत वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो. तंत्रनिकेतनात शिकवायचे. ‘दौत’ नावाचा मराठी लिहायचा प्रोग्राम त्यांनी घरी बसून केला. फुकट. शिवाय आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. करायला मात्र कुणी फिरकलं नाही. बारा वर्षांत एक ओजस आला, पुण्याहून.

आता सरांना दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. घरात पावलं मोजून चालतात. त्यांच्याकडे कुठली वस्तू हलवायची नाही, हे आमच्या जिन्यातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे.

“दोन हजार एकशे चाळीस चाचण्या, सर. सगळ्या हिरव्या होत्या.”

“हं...”

“हिरव्या म्हणजे काय रे?” मी विचारलं. मला राहवत नाही.

“यंत्रच रोज दौत उघडतं, काकू. माणसासारखं एकेक बटण दाबतं. पडद्याचे फोटो काढतं आणि जुन्या फोटोंशी ताडून बघतं. काल चालत होतं ते आज मोडलं नाही ना, एवढंच. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल.”

हे काम आधी माझं होतं, हे मी बोलले नाही. नवी दौत निघायच्या आधी सर हाक मारायचे, “वहिनी, या, दाबा काय दाबायचं ते.” मी पोळ्या आटोपून यायची, दाबायची. मी कुठं चुकले की सर खूश. लगेच वहीत लिहून घ्यायचे. ओजसची यंत्रं आल्यापासून हाक आली नाही.

“आरोसकरबाईंचं पत्र वाच,” सर म्हणाले.

“पाठ झालंय, सर.”

“वाच.”

वेंगुर्ल्याच्या सुलभा आरोसकर. त्यांची मावशी जुन्या गोष्टी सांगायची, ह्या दौतीत लिहायच्या. रोज नवं पान. लिहून झालं की बंद करताना डावीकडचं बटण दाबायचं, ‘जतन करा’. सहा वर्षांची सवय. नव्या दौतीत डावीकडे ‘जतन नको’ आलं. बाई दाबत राहिल्या. त्रेचाळीस दिवस.

मावशी गेली. तेराव्याला वाचून दाखवू म्हणून बाई पानं उघडायला गेल्या...

शेवटची ओळ ओजसनं हळू वाचली. “‘ती आता पुन्हा सांगणार नाही.’”

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. लागत नव्हती.

“बटणांची अदलाबदल मी केली नाही, सर. ज्या तयार भागांवर आपली दौत उभी आहे, त्यांची नवी आवृत्ती आली. तिच्यात झाली.”

“यंत्राला दिसलं नाही?”

“ते बटण नावानं शोधतं. ‘जतन करा’ कुठंही असो, त्याला बरोबर सापडतं.”

“बाईंना नाही सापडलं.”

“त्यांनी वाचायला नको का, सर! बटणावर लिहिलेलं असतं की.”

मी वाटीतल्या विरजणाकडे बघत बसले. बटण कोण वाचतं? मी तर एकदाही वाचलं नव्हतं.

“आणि फोटो?” सरांनी विचारलं.

ओजसनं भिंतीकडचं लोखंडी स्टूल ओढलं आणि सरांच्या समोर येऊन बसला. फरशीवर स्टूल करकरलं.

“फोटो लाल झाले होते... साडेतीनशे. अक्षर केसभर सरकलं तरी लाल होतात. पहिले वीस मी बघितले.”

“मग?”

“मग... ‘सगळे मान्य’ दाबलं.”

“मान्य म्हणजे?” पुन्हा मीच.

“म्हणजे इथून पुढं हेच बरोबर धरायचं, काकू. ह्याच्याशीच ताडून बघायचं.”

सर हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

“कळल्यावर तासाभरात बटण परत जागेवर ठेवलंय मी. नवी दौत सगळ्यांना गेली. सगळं हिरवं आहे.” ओजस उठला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.  “नऊ महिने एकट्यानं लिहिल्यात त्या चाचण्या, नोकरी सांभाळून. एकदा म्हणा सर, की ह्यात माझी चूक नाही. म्हणालात तर दौत पुढं चालवतो. नाही तर... मला नाही जमायचं.”

आणि तो गेला की दौत संपली. दुसरं आहे कोण?

सरांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.

मग उठले. “तुला पाणी आणतो.”

“बसा हो, मी आणते,” म्हटलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

खुर्चीपासून माठापर्यंत सात पावलं. मलाही पाठ आहेत. चौथ्या पावलावर ते स्टूल होतं.

करकरलेलं मला ऐकू आलं होतं. त्यांना आलं नसेल?

“सर, स्टू...”

नडगी लोखंडी कडेवर आपटली. सर गुडघ्यावर आले.

ओजस धावला. आधी त्यानं स्टूल उचललं, भिंतीशी नेऊन ठेवलं. मग सरांना धरलं.

लेंग्यावर रक्त पसरत चाललं होतं.

“चुकलं, सर... स्टूल परत जागेवर ठेवलंय. अगदी होतं तिथंच.”

सरांनी नडगीवरून हात फिरवला. बोटं ओली झाली. ती त्यांनी ओजसच्या तोंडासमोर धरली.

“मग आता सगळं हिरवं आहे ना रे?”