केरूनानाची अठ्ठ्याऐंशी पावलं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. निंबारीला तेव्हा एसटी येत नव्हती, वीज नव्हती, पण बोर्डाचं हायस्कूल होतं. आसपासच्या चाळीस गावांत तेवढं एकच. जकात नाक्यामागं पत्र्याच्या दोन शेडमध्ये ते भरायचं, आणि त्याच्या मागं होता एक माळ. नुसता दगडांचा. त्या माळाचं मैदान केलं ते कुण्या साहेबानं नाही, अध्यक्षानं नाही. शाळेच्या शिपायानं केलं. त्याचं नाव केरू. पुढं सगळं गाव त्याला केरूनाना म्हणू लागलं.

शाळेच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर तुम्हाला नावं दिसतील. देणगीदारांची आहेत, अध्यक्षांची आहेत, उद्घाटनाला येऊन तासाभरात गेलेल्यांचीही आहेत. केरूचं नाही. म्हणून सांगते, नीट ऐका.

केरूनं सात वर्षं दगड वेचले. रोज शाळा सुटली की पाटी घ्यायची आणि वाकायचं. असं म्हणतात, की त्याच्या पाठीला जो बाक आला तो त्या सात वर्षांचा, आणि वेचलेल्या दगडांत शाळेच्या कुंपणाचा सगळा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, उभा राहिला. मग सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला. त्यानं चारशे चाळीस यार्डांची एक फेरी आखून दिली. चार फेऱ्या म्हणजे एक मैल. केरूनं त्या खुणांवरून फक्कीची रेघ ओढली. फक्की म्हणजे विरलेल्या चुन्याची पांढरी पूड. ओंजळीत घ्यायची आणि बोटांतून सोडत चालायचं. दोरी लागायची नाही, काठी लागायची नाही. अनवाणी चालायचा, आणि मागं रेघ उमटायची ती दुधाची धार जशी.

पहिल्याच वर्षी पोरं तालुक्याला धावायला गेली आणि एका पावलानं हरली. एकाच पावलानं. केरूला ते फार लागलं. पुढच्या दसऱ्याला नवी रेघ ओढताना त्यानं एक पाऊल वाढवलं. मोठ्या निंबाकडं जिथं वळण होतं तिथं रेघ जराशी बाहेर काढली. अर्धं पाऊल जाताना, अर्धं पाऊल येताना.

"घरी एक पाऊल जादा पळा," तो मनाशी म्हणाला, "भाईर एक पाऊल म्होरं ऱ्हाल."

त्या वर्षी निंबारीची पोरं तालुक्याला पहिली आली. काचेच्या कपाटात पहिली ढाल लागली. मग काय, दर दसऱ्याला एक पाऊल. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. बावीस वर्षं गेली. कपाट ढालींनी भरलं. केरूच्या रेघेवर टेप धरायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण केरूची रेघ हाच टेप झाला होता. दोन गवंड्यांचा भिंतीवरून वाद झाला तरी एक म्हणायचा, "केरूची रेघ आहे का ही?" आणि दुसरा गप्प बसायचा.

शाळेची घंटाही केरूच द्यायचा. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा वऱ्हांड्यात टांगला होता. सकाळी पहिली घंटा, मग सात मिनिटांनी दुसरी. दुसरीनंतर फाटक बंद. केरूची सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं.

आता सगुणेचं ऐका.

सगुणा धनगराची पोर. बाप मायाप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परतायचा. पोर निंबारीत आजीपाशी राहून शिकत होती. गावाबाहेर मैलाचा एक दगड होता, आणि दुसरा बरोबर शाळेच्या फाटकापाशी. सगुणा सकाळी आजीपाशी मागं ठेवलेल्या चार मेंढरांकडं जायची, तिकडच्या दगडाजवळ थांबायची, पहिली घंटा ऐकू आली की पळत सुटायची आणि दुसऱ्या घंटेच्या आत फाटकात शिरायची. रोज. चिखल असो, थंडी असो. पाटी काखेत, परकर दोन्ही हातांत धरलेला.

"आली का वाऱ्याची लेक?" केरूनाना विचारायचा.

"तुमची घंटाच मेली म्हातारी झालीया नाना, लई सावकाश येतीया," ती दम खात म्हणायची.

एवढी पळणारी पोर, पण मैदानावर तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मैदान मुलांचं. मुलींना वर्षातून एकदा लिंबू-चमचा. तोंडात चमचा धरायचा, त्यात लिंबू ठेवायचं आणि हळू हळू चालायचं. पडू द्यायचं नाही. ह्याला खेळ म्हणत होते! बाईच्या तोंडात काहीतरी कोंबून तिला सावकाश चालायला लावायचं, ह्यात खेळ कसला, ते मला आजवर कळलं नाही.

सगुणा सातवीत गेली त्या पावसाळ्यात तिची आजी वारली. आता राहायचं कुणाकडं? मायाप्पा म्हणाला, औंदा पोर माझ्यासंगं कोकणात येईल, तिकडं एक सोयरिक आलीया. सगुणेनं तोंडात अन्न घेतलं नाही. तेव्हा एक वाट निघाली. जिल्ह्याच्या गावी मुलींचं बोर्डिंग होतं. जिल्ह्याच्या क्रीडा संघात निवडलेल्या मुलीला तिथं राहून मॅट्रिकपर्यंत शिकता यायचं. फक्त हेडमास्तरांचा दाखला हवा.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. शाळा समितीच्या लोकांना विचारून आले आणि म्हणाले, "मुलगी म्हणून सवलत नाही. मुलांच्या मैदानावर, मुलांसारखा मैल धावून दाखव. पहिल्या घंटेला सुटायचं, दुसऱ्या घंटेच्या आत चार फेऱ्या. आलीस तर दाखला."

सगुणा हसली. रोजचंच तर होतं.

मायाप्पा म्हणाला, "आली तर शिकू द्या. न्हाई आली तर परवा आमची मेंढरं निघत्यात, ती संगं येईल."

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी निंबारी गडग्यावर बसली. केरूनं आदल्या दिवशी ताजी रेघ ओढली होती. रुळाचा तुकडा वऱ्हांड्यातून काढून मैदानाच्या कडेला आंब्याच्या फांदीला टांगला होता. पहिली घंटा झाली आणि पोर सुटली.

असं म्हणतात, की त्या दिवशी तिच्या मागं धूळ उडाली नाही, कारण धुळीला उठायला वेळच मिळाला नाही. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. समितीचे लोक हसायचे थांबले. तिसरी झाली. चौथ्या फेरीला ती मोठ्या निंबाला वळसा घालून येत होती आणि केरूनाना हातोडा घेऊन तिच्याकडं बघत होता. तिची पावलं बघताना त्याला स्वतःची पावलं आठवली. एका फेरीला बावीस. चार फेऱ्यांना अठ्ठ्याऐंशी.

बावीस वर्षांत त्यानं हा हिशेब कधी केलाच नव्हता.

हातात घड्याळ धरून उभ्या हेडमास्तरांनी सात मिनिटं झाल्याची खूण म्हणून रुमाल खाली केला. केरूचा हात वरच राहिला.

"केरू! वेळ झाली. मार!"

केरूनं घंटा मारली.

सगुणा रेघेपासून सत्तर पावलांवर होती. ती तरी पळत आली. रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मग वर बघून म्हणाली, "नाना, घंटा लवकर दिली का वो?"

गडग्यावरची माणसं हसली. हेडमास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केरूची घंटा आणि केरूची रेघ, दोन्ही कधी चुकली नाहीत. बावीस वर्षं बघतोय मी."

बावीस वर्षं केरू त्या एका वाक्याची वाट बघत होता. समितीच्या पुढं, गावाच्या पुढं, मोठ्यांदा. ते वाक्य मिळालं ते अशा वेळी मिळालं. त्यानं मान खाली घातली आणि तो गप्प बसला.

हेच त्याचं पाप. रेघ लांब होती हे नाही. गप्प बसला हे. गप्प बसणाऱ्या माणसांनी जेवढ्या पोरी बुडवल्या तेवढ्या नदीनं बुडवल्या नाहीत.

दोन दिवसांनी मेंढरं निघाली. सगुणा घोड्याचा लगाम धरून चालत गेली. शाळेसमोरून जाताना तिनं शाळेकडं तोंड वळवलं नाही. केरू फाटकात उभा होता. ती गेली आणि तो पहिली घंटा द्यायला वळला. हातोडा मारला. आवाज आला नाही. पुन्हा मारला, लोखंड मुकंच. एका मास्तरानं हातोडा घेऊन मारला तर रूळ खणखणीत वाजला. केरूनं मारला की मुका. असं म्हणतात, की त्या दिवसानंतर त्या लोखंडानं केरूच्या हाताला कधी ओ दिली नाही.

केरू हेडमास्तरांच्या खोलीत गेला आणि पायांशी बसला.

"सायेब, रेघ लांब हाय. अठ्ठ्याऐंशी पावलं."

हेडमास्तर उठले. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. दाखल्याची मुदत काल संपली, दुसऱ्या गावची मुलगी गेली. आता बोललास तर त्या कपाटातल्या एकेका ढालीवर लोक बोट ठेवतील. शाळेची अब्रू जाईल."

"आन् पोरीची?"



केरू तसाच निघाला. तीन दिवस मेंढरांच्या लेंड्यांचा माग काढत चालला आणि घाटाच्या तोंडाशी त्यानं तळ गाठला. मायाप्पा म्हणाला, "नाना, सुपारी फुटली. मी सबुद दिला. आता तुजी पावलं घिऊन काय करू?"

सगुणा कोकराला दूध पाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी हरले न्हवते?"

"न्हाई गं माय."

"मग हितं डोंगराला काय सांगता नाना? तितं सांगा. गडग्यावर बसलेल्यांना."

एवढंच बोलली. सकाळी मेंढरं घाट उतरली. पंधराव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात ती कोकणात वारली. कुणी म्हणतात वारली नाही, घाटात अजून पळताना दिसते, तिच्या पायात चांदण्या आहेत. असलं मी ऐकून घेत नाही. जिवंतपणी पोरीला दोन पावलं जागा द्यायची नाही, आणि मेल्यावर तिची देवी करायची, ही आपली जुनी खोड आहे. सगुणा वारली. रडायचं तर त्यावर रडा.

केरू परत आला तो त्या वर्षीच्या क्रीडा स्पर्धेच्या दिवशी. अध्यक्ष खुर्चीत बसले होते, गडगा माणसांनी भरला होता. केरू सुरुवातीच्या रेघेवर उभा राहिला आणि एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालू लागला. मोठ्यांदा मोजत.

"एक. दोन. तीन."

मुलांच्या शर्यती त्याच्या बाजूनं पळून गेल्या. कुणी ओरडलं, "नाना, ढाल तुम्हालाच!" कुणी म्हणालं भ्रमिष्ट झाला. दोघांनी धरून बाजूला नेला, तर जिथं मोजणी सुटली होती तिथंच परत येऊन तो पुढचा आकडा म्हणाला. उन्हं चढली. तळवे फुटले, फुटलेल्या तळव्यांत चुना गेला. चुना जखमेत गेला की कसा जाळतो ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. दुसरी फेरी, तिसरी फेरी. असं म्हणतात, की चौथ्या फेरीला आंब्यावरचे कावळेसुद्धा ओरडायचे थांबले होते, आणि त्या माळावर एका म्हाताऱ्याच्या आकड्यांशिवाय आवाज नव्हता.

शेवटच्या रेघेच्या अठ्ठ्याऐंशी पावलं अलीकडं तो थांबला. वाकला, बोटानं जमिनीवर आडवी रेघ ओढली.

"मैल हितं संपतो," तो म्हणाला. "मी घंटा दिली तवा सगुणा हितनं अठरा पावलं म्होरं गेली हुती. पोर जितली हुती. म्या हरवली."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. केरू पुढं चालू लागला. आता मोजत नव्हता. अठ्ठ्याऐंशी पावलं टाकून रेघेपर्यंत आला, रेघ ओलांडली, गडग्याच्या फटीतून बाहेर पडला आणि माळावर चालत राहिला. माणसं बघत होती. तो लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला. परत कुणालाच दिसला नाही. त्याच्या घरी एक घोंगडी आणि अर्धं पोतं फक्की निघाली.

पण मैदानावर अठ्ठ्याऐंशी पावलं उमटलेली होती, चुन्यानं पांढरी आणि मध्ये तांबूस. पाणी मारलं, गेली नाहीत. माती टाकून रोलर फिरवला, तर चार दिवसांनी वर आली. हेडमास्तरांनी बदली मागून घेतली. असं म्हणतात, की जोवर निंबारीनं ते मैदान साखळीनं मोजलं नाही तोवर ती पावलं तशीच होती. आणि निंबारीला ते मोजायला एकोणीस वर्षं लागली. शाळेला पहिली हेडमास्तरीण आली तेव्हा.

आता शाळा पक्क्या इमारतीत आहे. ढालींना नवं कपाट आलंय. पण दर वर्षी क्रीडा स्पर्धेच्या सकाळी, पहिल्या शर्यतीच्या आधी, सगळं गाव गडग्याशी उभं राहतं आणि मैदान मोजलं जातं. टेपचं टोक धरते ती गेल्या वर्षी सगळ्यांत शेवटी आलेली मुलगी. आकडा तीच ओरडून सांगते, आणि बरोबर आला तरच पुढचं सगळं होतं. मग तो जुना रूळ आणतात. हातोड्याला फडकं गुंडाळून त्यावर एकदा मारतात. आवाज होत नाही. तेवढा वेळ सगळे मान खाली घालून उभे राहतात. ही केरूनानाची घंटा. त्यानंतर पहिली शर्यत मुलींच्या मैलाची, आणि तिला शेवटची घंटा नाही. शेवटची मुलगी येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, अध्यक्षांनीसुद्धा.

मागं एक पाहुणे आले होते, जिल्ह्याहून, खेळांचे कुणी अधिकारी. उन्हात ताटकळले, घड्याळ बघत होते. टेप धरलेल्या मुलीला म्हणाले, "काय गं, दर वर्षी मोजता? मैदान काय वाढतं का?"

पोरीनं टेप सोडला नाही. म्हणाली, "आमचं वाढलं होतं."