इम्पालाच्या चाकापुढचं लिंबू

आबासाहेब निंबाळकरांच्या कोल्हापुरातल्या शेडमध्ये, भिंतीला पाठ लावून, एक जुनी अमेरिकन इम्पाला गाडी उभी होती. मिसळवाल्या शेवंताबाईंचा तिच्यावर लहानपणापासून जीव; आज त्या ती विकत घ्यायला आल्या होत्या.

"चालू गाडीय, भाव चालूचाच," आबासाहेब चारचौघांत म्हणाले. "रोज रंकाळ्याला चक्कर मारतो. आज नेमकी बॅटरी चार्जिंगला गेलीय. बंद पडलेली आहे असं दाखवून द्या, भंगाराच्या भावात न्या!"

शेवंताबाई वाकल्या. होळी तोंडावर आली होती, तरी दसऱ्याच्या पूजेला चाकांखाली चिरडायला ठेवलेली लिंबं चारही चाकांपुढे अख्खीच्या अख्खी वाळून काळी पडली होती.

"आबासाहेब, रोज या लिंबांवरनं उडी मारून जाती व्हय गाडी? तसं असंल तर हे विमान झालं, मागाल तो भाव देते. नसंल, तर भंगाराच्या भावात आणा चावी!"